लंबी रोटीचा डावा हात

लग्नकार्यात कोणी विचारलं, ‘‘तुम्ही काय करत होता?’’ की मी सांगतो, ‘‘हातपाय बनवत होतो.’’ समोरचा आधी हसतो, मग माझ्या हातांकडे बघतो आणि मग ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे सरकतो. सरकू द्या. माझं जेवण शांततेत होतं.

नागपुरातल्या एका कृत्रिम अवयव केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत हेच केलं. अपघातात, मधुमेहात, नाहीतर मळणी यंत्रात ज्याचा हात किंवा पाय गेला, त्याच्या उरलेल्या भागाचं प्लास्टरनं माप घ्यायचं. उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो. त्या मापावरून त्याला बसेल असा पेला बनवायचा, त्याला म्हणतात सॉकेट. सॉकेट नीट बसलं नाही तर सोन्याचा हात लावून दिला तरी पेशंट तो घरी खुंटीला टांगून ठेवतो. हे मी नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवलं की मी येताना दिसलो की ती आपसात म्हणायची, ‘सॉकेट आलं रे.’ मला सगळं ऐकू यायचं.

हात बनवण्याआधी आम्ही विचारतो, हातानं काय करायचं आहे? लोक म्हणतात जेवायचं आहे, सही करायची आहे, गाडी चालवायची आहे. पारशिवनीकडचा एक गडी म्हणाला, ‘‘भाऊ, खर्रा घोटता आला पाहिजे.’’ नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातानं रगडत बसायचं, त्याला खर्रा घोटणं म्हणतात. मी विचारलं, ‘‘आणि बाकीची कामं?’’ ‘‘बाकी डाव्यानं होते.’’ मी त्याला तोंडाच्या कॅन्सरवर चांगलं तासभर झापलं. त्यानं सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘‘मंग घोटता येईन ना?’’

या धंद्यातली एक गोष्ट सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही. नसलेला हात दुखतो. हात कापून टाकलेला असतो, आणि माणूस सांगतो की माझी करंगळी कोणीतरी पिरगाळतंय, तळव्याला मुंग्या येताहेत. हे नाटक नसतं आणि वेडही नसतं. मेंदूत त्या हाताची जागा तशीच राहते आणि तिथून तो हाका मारत राहतो. काहींचं आपोआप थांबतं, काहींचं थांबत नाही. म्हणून प्रत्येकाला आम्ही हा प्रश्न विचारतो. ज्यांची ही गोष्ट आहे त्या गीताबाईंनाही विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, ‘‘नाही बाप्पा, काही नाही दुखत.’’ आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो होतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत केंद्रानं एक नवीनच टूम काढली. म्हणे, आता एकट्यानं काम करायचं नाही, वेगवेगळ्या विषयांच्या लोकांनी एकत्र बसून पेशंटसाठी साधन बनवायचं. माझ्या गळ्यात दोन माणसं पडली. एक निखिल, मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीतला इंजिनिअर. विमानाचे काळे, हलके, कार्बनच्या धाग्यांचे पत्रे असतात ना, त्यातला तो जाणकार. दुसऱ्या फरहीन मॅडम, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाव अवघड, काम सरळ. माणसाला त्याचं रोजचं काम पुन्हा करता यावं म्हणून त्या त्याच्याकडून सराव करून घेतात. पहिल्या महिन्यात आम्ही तिघं फक्त भांडलो. पेशंट दारातून आत आला की निखिलला दिसायचं वजन, फरहीन मॅडमना दिसायचं काम आणि मला दिसायचा स्टंप. अख्खा माणूस कोणाला दिसत होता, देव जाणे.

अशात गीताबाई आल्या. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. स्कूटीवर मागे बसल्या असताना ट्रकनं डावा हात चिरडला होता आणि कोपराखाली चार बोटांच्या रुंदीएवढाच उरला होता. बरोबर त्यांची मुलगी रोशनी. मी मोठ्या दिमाखात माझा ड्रॉवर उघडला. रबरी हात, सिलिकॉनचे हात, नखांसकट, शिरांसकट. हुबेहूब हात बनवण्यात माझा हात धरणारा आमच्या केंद्रात कोणी नव्हता. निखिल त्यांना ‘साडीच्या दुकानातल्या पुतळीचे हात’ म्हणायचा. म्हणो बापडा.

गीताबाईंनी एक हात उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, ‘‘याचे बोटं काढून टाका.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मले बोटं नाही पाहिजे. मनगटापासून कोपरापर्यंत पाहिजे.’’

उभ्या आयुष्यात माझ्याकडे हाताशिवाय हात कोणी मागितला नव्हता.

‘‘काहून पण?’’

‘‘मी लंबी रोटी करून विकते.’’

ज्यांनी लंबी रोटी खाल्ली नाही त्यांच्या जन्माबद्दल मी काही बोलत नाही, फक्त कृती सांगतो. कणीक इतकी सैल भिजवायची आणि इतकी आपटायची की तिला रबरासारखी तार सुटते. चुलीवर मातीचं मडकं पालथं घालून तापवायचं. मग ओल्या हातांवर कणकेचा गोळा घेऊन या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं. झेलता झेलता तो पसरतो, तळव्यावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत येतो. रुमालासारखा पातळ झाला की दोन्ही हातांनी मडक्यावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. बाईचे दोन हात हेच पोळपाट.

‘‘मग आता कसं करता?’’ फरहीन मॅडमनी विचारलं.

रोशनी म्हणाली, ‘‘या ना घरी पाहायले.’’

आम्ही तिघंही गेलो. मागच्या अंगणात चूल पेटलेली होती. गीताबाई बसल्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा चिकटवून, रोशनी बसली. आईचा उजवा हात, लेकीचा डावा. गोळा वर उडाला, आईच्या हातावरून लेकीच्या हातावर, परत आईच्या. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. डोळे मिटून नुसता थपथप आवाज ऐकला असता तर एकच बाई बसली आहे असं वाटलं असतं. रोटी मडक्यावर पडली तेव्हा निखिलच्या तोंडून ‘बापरे’ निघालं.

‘‘मग अडचण काय आहे?’’ निखिल म्हणाला. ‘‘छान चाललंय की.’’

रोशनी चुलीतला जाळ सारायला वाकली तशा गीताबाई आवाज खाली करून बोलल्या. ‘‘अडचण हेच आहे साहेब. वर्ध्याले तिचा नर्सिंगचा नंबर लागला. कॉलेज सुरू व्हायच्या आत गेली नाही तर जागा दुसऱ्याले भेटते. आणि हे पोरगी माहा हात बनून बसली. मी म्हणते जाय, हे म्हणते तुयं कसं होईन. म्हणून मले हात पाहिजे. माह्यासाठी नाही, तिच्यासाठी.’’

‘‘दुसरी बाई ठेवली तर?’’

‘‘दोन ठेवून पाहिल्या. रोटीच्या चिंध्या झाल्या. हे पोरगी माह्या पोटातून आली म्हणून जमते.’’

एवढं ऐकल्यावर आम्ही भांडणं बाजूला ठेवली. म्हणजे कमी केली.

पहिला हात मी बनवला, प्लास्टिकचा. त्यावर कणीक अशी घसरली की थेट फरहीन मॅडमच्या चपलेवर. दुसरा निखिलनं बनवला, त्यावर कणीक अशी चिकटली की खरवडून काढावी लागली. तिसऱ्याला निखिलनं विमानाच्या कामातली युक्ती वापरली. कार्बनचा थर ओला असतानाच त्यावर एक कापड दाबून बसवायचं आणि वाळल्यावर ते सोलून काढायचं. त्या कापडाची वीण पृष्ठभागावर बारीक उमटते. वरून अन्नाला चालेल असा थर दिला. त्या बारीक विणीत पाणी थांबायला लागलं आणि पाण्यावर कणीक तरंगायला लागली. सॉकेट माझं. खांद्यावरचे पट्टे फरहीन मॅडमचे. काळाकुट्ट, बोटं नसलेला, शेवटाला गोल. मला तो मुसळासारखा दिसायचा, पण निखिल त्याच्याकडे बाप पोराकडे बघतो तसा बघायचा.

वर्कशॉपमध्ये गॅसवर मडकं ठेवून चाचणी घेतली. रोशनी सवयीनं आईच्या डाव्या अंगाला बसली होती, फाटली तर झेलायला हात पुढे धरून. गीताबाईंनी गोळा उडवला आणि रोटी झाली. अख्खी. आम्ही ती लोणच्याबरोबर उभ्या उभ्या खाल्ली आणि निखिलनं मला मिठी मारली.

मग हात घरी दिला. फरहीन मॅडमनी एक अट घातली. सराव करताना रोशनीनं जवळ बसायचं नाही, आईला एकटीला करू द्यायचं.

आणि घरी प्रत्येक रोटी फाटायला लागली.

आज फाटली, उद्या फाटली. हात वर्कशॉपमध्ये आणला, घासला, पुन्हा थर दिला. परत फाटली. निखिल म्हणाला, कणीक बदलली असेल. फरहीन मॅडम म्हणाल्या, पट्टा काचत असेल. मी म्हणालो, विमानाचं सामान माणसाला लावल्यावर दुसरं काय होणार! पुन्हा तेच भांडण, पुन्हा तेच तोंडं फिरवून बसणं. इकडे कॉलेज सुरू व्हायची तारीख जवळ येत होती आणि रोशनी म्हणायला लागली होती, ‘‘जाऊ द्या काका. नाही जमत तर नाही जमत. मी राहते घरी.’’ तिचा चेहरा बघून माझं डोकं भणभणायचं.

शेवटी निखिलनं गीताबाईंना विचारून त्या हातात शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसवलं. हात कधी, किती, कुठे हलला ते त्यात नोंदलं जातं. रोशनीनं मोबाइलवर चित्रणही करून दिलं. आम्ही तिघं ते बघत बसलो. रोटी पसरत होती, उत्तम पसरत होती. कोपरापर्यंत आली. आता टाकायची, आणि नेमक्या त्या क्षणी काळा हात झटका देऊन खाली. रोटी फाटली.

‘‘परत लावा,’’ फरहीन मॅडम म्हणाल्या.

परत लावलं. दुसरी रोटी, तोच झटका. तिसरी, तोच. पट्टा घसरला की हात बाहेर जातो. हा सरळ खाली जात होता, खांद्यातून, मुद्दाम.

‘‘त्या स्वतःच फाडताहेत,’’ फरहीन मॅडम म्हणाल्या.

अरे, जिनं लेकीसाठी हात मागितला, तीच बाई? मी म्हणालो हे शक्यच नाही. मग पुन्हा बघितलं. मग मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे स्कूटर काढली. ती दोघं माझ्या मागोमाग आली.

रोशनी चक्कीवर गेली होती. गीताबाई एकट्याच होत्या आणि मी अंगणात पाय ठेवताच सुरुवात केली. ‘‘गीताबाई, आम्हाला काय येडं समजता? पोरीला पाठवायचं नसेल तर सरळ सांगा ना! आमचा कशाला तमाशा करता?’’

त्यांचा चेहरा पांढरा पडला. आधी म्हणाल्या, मी काहून फाडीन? मग चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. फरहीन मॅडमनी मला हातानं मागे ढकललं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि विचारलं, ‘‘झटका देता तेव्हा काय होतं, ताई?’’

‘‘जळते.’’

‘‘खांदा?’’

‘‘बोटं.’’ गीताबाईंनी उजव्या हातानं हवेत, डावी बोटं जिथं असायला हवी होती तिथं दाखवलं. ‘‘चुलीसमोर बसली की डाव्या हाताचे पाची बोटं जळते. मडक्यावर दाबून धरल्यासारखे. रोटी टाकायची वेळ आली की सहन होत नाही. मंग मी हात खाली हापटते.’’

‘‘पण मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात दुखत नाही!’’ मी म्हणालो.

‘‘तवा नव्हतंच दुखत. पोरगी बाजूले बसली, तिचा हात तिथं हालला, की पुरं थंड होते. तिचा हात पाहिला की मले वाटते माहाच आहे. तुम्ही तिले दूर बसवलं आणि आग लागली.’’

फरहीन मॅडमनी तोंडावर हात ठेवला. वर्कशॉपमध्ये रोटी जमली होती, कारण रोशनी शेजारी हात पुढे धरून बसली होती. आणि जवळ बसायचं नाही ही अट आमचीच.

‘‘मग सांगितलं काहून नाही?’’ माझा आवाज आता पार उतरला होता.

‘‘कोणाले सांगू? पोरीले? जो हात नाही तो जळते म्हटलं तर ते वर्ध्याले जाईन का? जल्मभर इथं बसन माह्या अंगाले लागून. आणि नाही सांगितलं तर मले जळणं आलं. मी म्हटलं, हातच खराब निघू दे. हाताचा दोष निघाला तर माहा नाही निघत.’’ आणि ती खणखणीत आवाजाची बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. ‘‘मले पाठवायचं आहे हो तिले. मायची आण, पाठवायचं आहे.’’

मी तिथंच ओट्यावर बसलो. इतके लोक माझ्या हाताखालून गेले, पण कोणाला दुखतं का हे विचारायचं ते त्याच्या कामाच्या जागी जाऊन, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. निखिल तर चुलीकडेच बघत उभा होता.

पुढचं डोकं फरहीन मॅडमनी चालवलं. मेंदूला हात दिसला की मेंदू शांत होतो, म्हणाल्या. आरशासमोर बसवून उजव्या हाताचं प्रतिबिंब डाव्या जागी दाखवतात, त्यानं पुष्कळांचं दुखणं उतरतं. त्यांनी रोज गीताबाईंच्या घरी जाऊन तसा आरसा लावला, रोशनीला ‘खांद्याचा व्यायाम’ म्हणून सांगितलं. गीताबाईंची आग थोडी निवली. पण चुलीसमोर आरसा कुठून लावणार? तिथं डाव्या बाजूला हातच दिसायला हवा होता. बोटं असलेला, माणसाच्या रंगाचा.

‘‘म्हणजे,’’ निखिल माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘पुतळीचा हात.’’

मी दात आवळून ड्रॉवरमधून एक हात काढला. बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा कार्बन तसाच ठेवायचा आणि पुढे माझा पंजा लावायचा असं ठरलं. बोटं जुळलेली, तळवा सपाट, वीण तळव्यावरही चालू. त्यावरून आमची दोनदा जुंपली, पण जमलं. आता पंजाला साचा हवा. बाहेरच्यांना वाटतं, उजवा हात आहे ना, त्याचा साचा घ्या. पण उजव्याचा साचा काढला की उजवाच हात निघतो. डावा हवा तर डाव्याचाच साचा लागतो, म्हणून आम्ही घरातल्या मिळत्याजुळत्या मापाच्या माणसाचा हात घेतो.

रोशनी आली. आईला काय होतं ते तिला सांगायचं नाही, असं गीताबाईंनी आमच्याकडून वचन घेतलं होतं. गार लगद्यात हात बुडवून ती हसत म्हणाली, ‘‘शेवटी बोटं पाहिजेच झाले ना आईले? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!’’ मी हं हं केलं. साचा उघडला तेव्हा रेघ न् रेघ उतरली होती. अंगठ्याच्या बुडाशी अर्धा चंद्र असावा तसा एक डाग होता. आईचा हात बनून बसली असताना मडक्यावर भाजलेला. असे डाग आम्ही घासून काढतो, तसा धंद्याचा रिवाज आहे. मी पॉलिश पेपर हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

हात तयार झाला त्याच दिवशी दुपारची बस होती. आम्ही सकाळीच महालात पोचलो. रोशनीची बॅग दाराशी होती, पण ती म्हणत होती, ‘‘रोटी जमल्याशिवाय मी जात नाही, सांगून ठेवते.’’ मी गीताबाईंना हात चढवला, पट्टे आवळले. त्यांनी सवयीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चुलीसमोर बसल्या, पाणी लावलं, आणि तेव्हा त्यांची नजर खाली गेली.

अंगठ्याच्या बुडाशी डाग.

त्यांनी उजव्या बोटानं तो डाग चाचपला. मग रोशनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही बाई हात काढून फेकून देते. रोशनीला काहीच कळलं नव्हतं. ती नेहमीसारखी येऊन डाव्या अंगाला खांद्याला खांदा लावून बसली आणि तिनं आपला हात पुढे धरला.

गीताबाईंनी गोळा उडवला. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर. मनगट, मग कोपर. टाकायची वेळ आली तेव्हा त्यांचा जबडा आवळलेला मला दिसला, कपाळावर घाम फुटलेला दिसला. म्हणजे जळत होतं. डोळे त्या डागावर रोखलेले, शेजारच्या रोशनीच्या हाताकडे मुद्दाम एकदाही वळले नाहीत. रोटी मडक्यावर पडली, अख्खी, एकही भोक नाही.

फरहीन मॅडमनी फक्त भुवया उंचावून विचारलं. ‘‘आहे,’’ गीताबाई म्हणाल्या, ‘‘पण त्याच्यासोबत राहता येईन.’’

‘‘काय आहे वं?’’ रोशनीनं विचारलं.

गीताबाईंनी दुसरा गोळा घेतला. रोशनीचा हात अजून पुढेच होता, सवयीनं, झेलायला. तिच्याच साच्यातून निघालेल्या हातानं तिचा हात बाजूला ढकलत गीताबाई म्हणाल्या, ‘‘काही नाही. सरक वं तिकडं, मले जागा होऊ दे. बस निघून जाईन तुई.’’